आजोबांचं ताट, नातवाचं आयुष्य

स्वीडनच्या उत्तर टोकाला, आर्क्टिक वृत्ताच्या जवळ, कालिक्स नदीच्या काठी ओव्हरकालिक्स हा विरळ वस्तीचा भाग आहे. एकोणिसाव्या शतकात बाहेरून धान्य येणं मुश्कील होतं, त्यामुळे शेतात पिकेल तेवढंच पोटात जाई. बार्ली बुडाली की लोक पाइनच्या झाडाची अंतर्साल वाळवून दळत आणि पिठात मिसळत. 1800, 1812, 1821, 1836 आणि 1856 या साली पीक पार गेलं. उलट 1801 आणि 1822 मध्ये भरघोस पिकलं. आदल्या हिवाळ्यात अर्धपोटी राहिलेली मुलं वर्षभरातच पोटाला तडस लागेपर्यंत जेवू लागली.

हे आज सालवार सांगता येतं ते तिथल्या पाद्र्यांमुळे. 1686 च्या चर्च कायद्याने त्यांच्यावर घरोघरच्या नोंदी ठेवण्याची सक्ती केली. कोण जन्मलं, कोण गेलं, कोणाचं लग्न झालं, कोणाला वाचता येतं, सगळं चोपड्यांत उतरलं. पिकांचे अंदाज आणि धान्याचे भाव सरकारी दप्तरात वेगळे होते.

याच मुलखातले लार्स ओलोव्ह ब्यूग्रेन हे सार्वजनिक आरोग्याचे अभ्यासक. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ही दोन्ही दप्तरं एकमेकांशी पडताळली. 1890, 1905 आणि 1920 साली तिथे जन्मलेली माणसं निवडली आणि त्यांचे आईवडील व आजी-आजोबा लहानपणी सुकाळात वाढले की दुष्काळात, हे शोधलं. मुलग्यांच्या बाबतीत 9 ते 12 हे वय महत्त्वाचं ठरलं. वयात येण्याआधी वाढ मंदावते, तो हा काळ.

2002 मध्ये निष्कर्ष छापून आले. वडिलांनी त्या वयात टंचाई सोसली असेल, तर मुलांमध्ये हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी दिसले. वडिलांच्या वडिलांनी त्या वयात मुबलक खाल्लं असेल, तर नातवंडांत मधुमेहाने मृत्यूची शक्यता सुमारे चौपट आढळली. पुढची पिढी सुदृढ व्हावी म्हणून आजवर सगळा उपदेश गर्भार बाईलाच झाला. या चोपड्यांनी बापाच्या ताटाकडेही पाहायला लावलं, हे त्यांचं मोठं काम.

पण शुक्राणूतून हा निरोप जातो कसा? जनुकांची अक्षरं तीच राहतात. त्यांच्यावरच्या रासायनिक खुणा आणि शुक्राणूतले आरएनएचे बारीक तुकडे मात्र आहारानुसार बदलतात. 2016 मध्ये ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात चरबीयुक्त खाणं दिलेल्या उंदरांच्या शुक्राणूंतले असे तुकडे फलित बीजांडांत टोचले, तेव्हा पिल्लांच्या शरीराचं साखरेवरचं नियंत्रण बिघडलं. 2019 मध्ये स्वीडनमध्येच 15 तरुणांना आठवडाभर जादा साखर खायला दिली आणि तेवढ्या दिवसांत त्यांच्या शुक्राणूंतले तुकडे बदलले. माणसात ते बाळापर्यंत पोहोचतात का, हे त्या प्रयोगातून ठरत नाही.

ओव्हरकालिक्सचे आकडेही छोटेच, जेमतेम काहीशे माणसांचे. इतक्या थोड्या माणसांत अनेक तुलना केल्या की एखादा आकडा योगायोगानेही फुगतो. त्यामुळे ‘चौपट’ हा शब्द जपूनच वाचायला हवा. 2018 मध्ये डेनी वोगेरे यांच्या गटाने उप्साला भागातल्या 11 हजारांहून जास्त नातवंडांवर तीच कसोटी लावली. मधुमेहाचा आणि हृदयविकाराचा संबंध तिथे आढळला नाही. मात्र वडिलांच्या वडिलांनी त्या वयात भरपूर खाल्लं असेल, तर नातवांमध्ये मृत्यूचं, विशेषतः कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूचं, प्रमाण वाढलेलं दिसलं. नातींमध्ये ते दिसलं नाही.