पटकीचा जंतू आणि जुनी साडी



पटकी म्हणजे कॉलरा. आपल्या आज्या-पणज्या या रोगाच्या नावानंही घाबरायच्या. सकाळी धडधाकट असलेलं माणूस जुलाब-उलट्यांनी रात्रीपर्यंत हातचं जायचं. आज आम्ही बचत गटाच्या बायका याच रोगाचा इतिहास सांगणार आहोत, कारण त्यात आपल्या जुन्या साडीलाही मान आहे.

पटकी घाणेरड्या हवेतून येते, असं पूर्वी मोठमोठे डॉक्टरही मानत. १८५४ साली लंडनच्या डॉ. जॉन स्नो यांनी दाखवून दिलं, की साथ एका पंपाच्या पाण्यातून पसरते आहे. त्याच वर्षी इटलीच्या पाचिनी यांनी हा जंतू सूक्ष्मदर्शकातून पाहिला, पण त्यांच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. १८८४ साली जर्मनीचे रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्यात तो वेगळा काढला आणि तिथल्या एका तळ्याच्या पाण्यातही त्यांना तो सापडला.

तरी एक कोडं उरलंच. साथ संपली की जंतू जातो कुठं आणि पुन्हा येतो कुठून? अमेरिकेच्या शास्त्रज्ञ रीटा कोलवेल यांनी याचा माग काढला. पटकीचा जंतू माणसाच्या पोटातच राहतो असं नाही. खाडीच्या, नदीच्या, तळ्याच्या पाण्यात ते त्याचं मूळ घर आहे. पाण्यात डोळ्यांना जेमतेम दिसणारे बारीक कवचधारी जीव असतात. त्यांच्या कवचाला हा जंतू चिकटून राहतो. एकेका जिवावर हजारो जंतू असू शकतात. पाणी कोमट झालं, शेवाळ वाढलं, की हे जीव वाढतात आणि त्यांच्याबरोबर जंतूही वाढतात.

मग कोलवेल आणि बांगलादेशचे अन्वर हक यांनी विचार केला: जंतू कापडातून निसटेल, पण तो ज्याच्यावर बसलाय तो जीव तर अडकेल! बांगलादेशातल्या मतलब भागात ६५ गावांत तीन वर्षं अभ्यास झाला. बायकांनी जुनी सुती साडी निदान चार पदरी करून घागरीच्या तोंडाला लावायची आणि पाणी गाळायचं. नव्या साडीपेक्षा जुनी चांगली, कारण धुऊन धुऊन तिचे धागे फुलतात आणि भोकं बारीक होतात. साडीनं पाणी गाळणाऱ्या गावांत पटकीचे रुग्ण जवळपास निम्म्यानं कमी झाले. हा निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाला. पाच वर्षांनी पुन्हा पाहिलं, तेव्हाही सुमारे एक तृतीयांश बायका पाणी गाळतच होत्या. शेजारी गाळणारी घरं असली, की न गाळणाऱ्या घरांनाही थोडा आधार मिळत होता.

मैत्रिणींनो, हंड्यावर फडकं बांधणं आपल्याला नवं नाही. पण एकपदरी फडक्यावर भागवू नका. आणि हेही लक्षात ठेवा, की पाण्यात सुटा फिरणारा जंतू चार पदरांतूनही जातो. म्हणून गाळलेलं पाणी उकळा, नाहीतर त्यात क्लोरीनचं औषध टाका. वापरलेलं फडकं स्वच्छ धुऊन कडक उन्हात वाळवा. कुणाला पाण्यासारखे जुलाब लागले, तर लगेच जलसंजीवनी पाजायला घ्या आणि दवाखान्यात न्या.

पावसाळ्याआधीच्या बैठकीत हप्त्याच्या हिशोबाबरोबर एक प्रश्न नक्की विचारा: आपल्या वस्तीत पाणी कोण कसं गाळतं? एका घरानं काळजी घेतली, तर शेजारचं घरही वाचतं.