सामंत, दत्ता

सामंत, दत्ता : (२१ नोव्हेंबर १९३२ – १६ जानेवारी १९९७). मुंबईतील कामगारनेते, आमदार व खासदार; मूळ पेशा डॉक्टरकीचा. जन्म मालवणजवळील देवबागचा. मुंबईत जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयातून एम.बी.बी.एस. झाल्यावर त्यांनी घाटकोपरच्या पंतनगरात दवाखाना थाटला. साकीनाका-चांदिवलीपासून घाटकोपरपर्यंतच्या टेकड्यांत त्या काळी दगडखाणी होत्या. तिथून दवाखान्यात येणाऱ्या मजुरांचा खडीच्या धुळीने धरलेला खोकला औषधाने चार दिवस थांबे, मजुरी मात्र होती तेवढीच राही. याच खाणकामगारांची संघटना बांधून सामंत चळवळीत उतरले. पुढे नेते झाले तरी कामगारांसाठी ते ‘डॉक्टर’च राहिले.

१९७२ मध्ये ते काँग्रेसतर्फे विधानसभेवर गेले. सत्ताधारी पक्षाचा आमदार असूनही आणीबाणीत त्यांना तुरुंगवास घडला. १९७७ मध्ये ते सुटले, तेव्हा त्यांचा दबदबा वाढलेलाच होता. त्यांची रीत साधी आणि मालकांना धडकी भरवणारी होती : कंपनीचा ताळेबंद बघायचा नाही, पगारवाढीचा आकडा सांगायचा आणि तो मिळेपर्यंत काम बंद. डाव्या संघटनांनी त्यांच्यावर अर्थवादाचा, म्हणजे फक्त पगारवाढीपुरते लढण्याचा, आणि हिंसेचा ठपका ठेवला. तरी कामगार जुने झेंडे सोडून त्यांच्याकडेच येत राहिले.

गिरणी कामगारही असेच स्वतःहून आले. मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने वाटाघाटींचा हक्क एकट्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाला दिला होता आणि त्या संघावरचा कामगारांचा विश्वास उडाला होता. १८ जानेवारी १९८२ पासून सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. हा संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. तो विरत गेला आणि असंख्य कुटुंबे गावी परतली. गिरण्या बुडाल्याचे सगळे खापर सामंतांवर फोडणे सोयीचे आहे, पण यंत्रे जुनाट झाली होती आणि काम भिवंडीच्या यंत्रमागांकडे वळत होते. माघारीची वाट न ठेवणे, ही चूक मात्र त्यांचीच.

कामगारांनी ती मनात धरली नाही. १९८४ च्या काँग्रेस लाटेतही दक्षिण-मध्य मुंबईने त्यांना अपक्ष म्हणून लोकसभेत पाठवले. कामगार आघाडी हा स्वतःचा पक्षही त्यांनी काढला.

१६ जानेवारी १९९७ रोजी सामंत पवईच्या घरून पंतनगरच्या कार्यालयाकडे निघाले असता मारेकऱ्यांनी गाडी अडवून गोळ्या झाडल्या. त्यात त्यांचा मृत्यू झाला. या खुनाच्या खटल्यातून टोळीप्रमुख छोटा राजन याची २०२३ मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने निर्दोष सुटका केली.