घर तुमचं, भाडेकरू सरकारचा

झरी जामणी तालुक्यातल्या मुकुटबनला सिमेंट कारखान्याचं उत्पादन 2022 मध्ये सुरू झालं. अशा गावात आपणही चार खोल्या काढाव्यात, भाडं येत राहील, असं कुणालाही वाटतं. तुम्हालाही वाटत असेल, तर आधी थोडं मागे चला.

यवतमाळ जिल्हा तेव्हा मध्यप्रांत व वऱ्हाडात होता. युद्धानंतर शहरांत घरांची टंचाई, त्यात फाळणीचे निर्वासित. म्हणून 1946 चा कायदा आणि त्याखाली 1949 चा भाडेनियंत्रण आदेश आला. तो लागू असेल तिथे घर रिकामं झालं की मालकानं सात दिवसांत सरकारला कळवायचं. मग ते सरकारी नोकराला किंवा निर्वासिताला द्या, असा हुकूम येऊ शके! भाडेकरूला घर सोडायची नोटीस द्यायची तरी आधी भाडे नियंत्रकाची परवानगी हवी. ती मिळाली की ताब्यासाठी दिवाणी दावा वेगळाच. जुने निकाल वाचताना माझा सगळ्यात जास्त वेळ या कलम 13 नेच खाल्ला. मालकाची खरी चिंता भाडं किती येईल ही नव्हतीच. घर परत कधी मिळेल, ही होती.

1960 ला महाराष्ट्र झाला, तरी विदर्भात हा आदेश चालूच राहिला. 31 मार्च 2000 पासून राज्याचा नवा कायदा आला. त्याचं कलम 55 बघा: करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, जबाबदारी मालकाची. तसा नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य, उलट सिद्ध होईपर्यंत. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.