ओलें लाकूड आणि काठवट

भाकरीचें पीठ मळण्याची काठवट आपल्या स्वयंपाकघरांतून नाहींशी होत गेली, तिचें खापर आपण स्टीलच्या परातीवर फोडतों. आमच्या मतें हें अर्धेंच सत्य होय. काठवटीला लागणारें ज्ञान त्याआधींच कारागिराच्या हातून निसटूं लागलें होतें.

तें ज्ञान ओल्या लाकडाचें. ताजें तोडलेलें लाकूड मऊ असतें. वाकसाखालीं वा कातारी फिरवतो त्या खरादावर तें सहज उतरतें. पण वाळतांना तें सर्व अंगांनीं सारखें आकसत नाहीं. लांबीच्या दिशेनें तें जवळजवळ आकसतच नाहीं. गाभ्यापासून सालीकडे आकसतें त्याच्या सुमारें दुप्पट तें वर्षवलयांच्या वळणानें आकसतें. म्हणूनच अख्खा ओंडका गाभ्याकडे फाटतो. यावर उपाय एकच: ओंडका मधोमध चिरून गाभा काढून टाकावा, उरलेल्या अर्ध्या भागांतून भांडें कोरावें. कांठ व्यासाच्या दहाव्या हिश्श्याइतके जाड ठेवावे, उघड्या टोकांना मेण लावावें, भांडें ढलप्यांत पुरून सावलींत कित्येक महिने ठेवावें. वांकडें होईल तें होऊं द्यावें, आणि मग दुसऱ्यांदा कातून गोल करावें. नवशिक्यानें शिवण घ्यावी, कारण ती कमी आकसते. आंबा घ्यावा, पण तो लगेच कातावा, नाहींतर कीड लागते. सावंतवाडीच्या चितारांनीं हलका पांगारा पसंत केला, तो याच अनुभवाच्या जोरावर.

आतां मावळाकडे वळूं. दापोडीच्या सरकारी बागेचे अधीक्षक अलेक्झांडर गिब्सन 1847 सालीं मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. 14 जून 1858 रोजीं खंडाळा ते पुणें लोहमार्ग सुरू झाला; आज देहूरोड ज्या मार्गावर वसलें आहे तो हाच. रुळांखालच्या तुळया आणि सरपण यांसाठीं लाकडाला मोठें गिऱ्हाईक मिळालें. पुढें 1878 च्या वनकायद्यानें राखीव जंगलें ठरलीं आणि तेथील तोड परवानगीवर गेली. जंगल वांचविण्याची गरज खरी होती, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु उभें झाड पाहून निवडावें, तोडल्या दिवशींच चिरावें, हा सुताराचा रिवाज त्यामुळें आटला. त्याच्या हातीं वखारीतली वाळलेली फळी आली, आणि फळींतून काठवट होत नाहीं.

इंग्लंडांतही असेंच घडलें. बकलबरी गांवीं जॉर्ज लेली हा कातारी ओल्या एल्म लाकडाचे वाडगे पायानें चालविण्याच्या खरादावर कातीत असे. 1958 सालीं तो वारला आणि त्या परंपरेची अखेर झाली. मात्र त्याचा खराद रेडिंगच्या संग्रहालयांत जपला गेला, आणि त्यावरून पुढें ती कला पुन्हां उभी राहिली. आपल्या काठवटीसाठीं असा कोणी जपणारा आहे काय?

झाड तोडा, असें आम्ही सुचवीत नाहीं. वादळानें मोडलेली, रीतसर परवानगीनें छाटलेली फांदी रस्त्याकडेला पडते आणि चार दिवसांत तडकून सरपण होते. ती पहिल्याच दिवशीं चिरणारे हात निर्माण झाले, तर एका फांदीचे दोन वाडगे होतील. आणि हरवलेलें ज्ञान पुस्तकांत नव्हे, हातांत परत येईल.