उन्नत रेल्वे

उन्नत रेल्वे : शहरात रस्त्याच्या वरून खांबांवर किंवा कमानींवर नेलेला, केवळ रेल्वेसाठी राखलेला प्रवासी लोहमार्ग. खालची वाहने आणि पादचारी आडवे येत नसल्यामुळे तिला वेग आणि वेळापत्रक दोन्ही सांभाळता येतात. वाफेच्या युगातली ही तात्पुरती सोय धूर आणि गोंगाट यांमुळे मागे पडली व भुयारी रेल्वेने तिची जागा घेतली, असे सहसा सांगितले जाते. हे स्पष्टीकरण अपुरे आहे. उन्नत रेल्वे कोठे टिकली आणि कोठे पाडली गेली हे पाहिले, तर तिचे भवितव्य इंजिनापेक्षा दोन प्रश्नांनी ठरवलेले दिसते : तिने कोणाची जागा व्यापली आणि तिचा खर्च कोणी सोसला.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शहरी प्रवासाचा भार घोड्यांवर होता. ठरावीक मार्गावर धावणारी ऑम्निबस १८२६ मध्ये फ्रान्समधील नांत येथे आणि १८२९ मध्ये लंडनमध्ये सुरू झाली. १८३२ मध्ये न्यूयॉर्कने घोड्यांची ट्राम रुळांवर आणली. घर्षण कमी झाल्याने तेवढेच घोडे अधिक उतारू ओढू लागले, पण ट्राम रस्त्यावरच्या गर्दीतच अडकत राहिली. १८७२ मध्ये उत्तर अमेरिकेत घोड्यांमध्ये रोगाची साथ पसरली आणि अनेक शहरांची वाहतूक कोलमडली. रेल्वेला स्वतंत्र मार्ग देण्याचे प्रयत्न त्याआधीच सुरू झाले होते. लंडनने १८३६ मध्ये ग्रिनिचचा मार्ग विटांच्या ८७८ कमानींवरून नेला, पण त्यासाठी जमीन विकत घ्यावी लागली. १८६३ मध्ये तेथेच पहिली भुयारी रेल्वे धावली. तिचे खोदकाम महाग होते आणि बोगद्यातला धूर त्रासदायक. न्यूयॉर्कने तिसरी वाट धरली. तेथे सार्वजनिक रस्त्यातच लोखंडी खांब उभे राहिले. जमिनीची किंमत मोजावी लागली नाही, म्हणूनच ही योजना स्वस्त ठरली.

मॅनहॅटन हे लांबट, अरुंद बेट. व्यापार दक्षिण टोकाला एकवटलेला आणि मोकळी जमीन उत्तरेला. चार्ल्स हार्वी यांनी १८६८ मध्ये ग्रिनिच स्ट्रीटवर एका जागी बसवलेल्या इंजिनांनी केबल ओढून गाड्या चालवून दाखवल्या. केबलचा भरवसा नसल्याने १८७१ पासून वाफेची इंजिने आली. १८८० पर्यंत दुसऱ्या, तिसऱ्या, सहाव्या आणि नवव्या ॲव्हेन्यूवर चार मार्ग उभे राहिले. १८८६ पासून दिवसभर भाडे पाच सेंट झाले. हार्लेमपर्यंत वस्ती पसरली आणि सामान्य नोकरदारालाही कामापासून दूर, मोकळ्या जागी राहणे परवडू लागले. हे या रेल्वेचे मोठे ऋण आहे. परंतु त्याच काळात खांबांखालचे रस्ते अंधारले आणि वरच्या मजल्यांच्या खिडक्यांपुढून इंजिने धडधडू लागली. १८८२ मध्ये ‘स्टोरी’ खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने रस्त्यालगतच्या मालकाचा उजेड, हवा व ये-जा यांवरचा हक्क मालमत्तेचाच भाग मानला आणि तो हिरावल्यास कंपनीने भरपाई द्यावी असे ठरवले. फुकट समजलेल्या जागेला किंमत होती, हे त्या निकालाने कायद्यात नोंदवले.

धूर हेच खरे कारण होते का, याची परीक्षा विजेने केली. लिव्हरपूलची उन्नत रेल्वे १८९३ मध्ये विजेवरच सुरू झाली. शिकागोत फ्रँक स्प्रेग यांनी सर्व डब्यांच्या मोटारी एकाच ठिकाणाहून चालवण्याची पद्धत यशस्वी केली, आणि १९०३ पर्यंत मॅनहॅटनचे मार्गही विजेवर गेले. धूर संपला, तरी सहाव्या ॲव्हेन्यूचा मार्ग १९३८ मध्ये आणि तिसऱ्याचा १९५५ मध्ये बंद झाला. याउलट जर्मनीतील वुपरटाल येथे १९०१ पासून बहुतांश नदीपात्रावरून लटकत धावणारी रेल्वे आजही चालू आहे. न्यूयॉर्कच्याच क्वीन्स बुलेव्हार्डवर रुंद रस्त्याच्या मधोमध काँक्रीटच्या कमानींवरून जाणारा मार्गही टिकला आहे. दोन्ही ठिकाणी घरांपासून अंतर राखले गेले.

यावर तीन आक्षेप संभवतात. पहिला असा, की भुयारी रेल्वे आल्यावर उन्नत मार्ग अनावश्यक झाले, मग मालमत्ताधारकांचा संबंध काय? सहाव्या ॲव्हेन्यूबाबत यात तथ्य आहे. पण तिसऱ्या ॲव्हेन्यूचा मार्ग पर्यायाची वाट न पाहता बंद केला गेला. त्याला पर्याय ठरणाऱ्या, दुसऱ्या ॲव्हेन्यूखालच्या भुयारी मार्गाचा पहिला टप्पा थेट २०१७ मध्ये सुरू झाला. दुसरा आक्षेप शिकागोचा. तेथील १८९७ चा ‘लूप’ हा उन्नत मार्ग गजबजलेल्या रस्त्यांवरच उभा असून तो टिकला. मात्र तेथे अनेक मार्ग एकत्र येतात आणि भोवतालच्या दुकानांना व कचेऱ्यांना त्यांचे उतारू हवे असतात. सावली सोसणाऱ्यालाच लाभही मिळतो. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार. लिव्हरपूलचा मार्ग घरांपुढून नव्हे, गोदीलगत जात होता, तरी १९५६ मध्ये तो बंद पडला. गंजलेल्या सांगाड्याची दुरुस्ती खासगी कंपनीच्या आवाक्याबाहेर होती आणि ती जबाबदारी कोणत्याही सार्वजनिक संस्थेने घेतली नाही. जागेचा प्रश्न सुटला तरी खर्चाचा प्रश्न उरतो, म्हणूनच दोन्ही प्रश्न एकत्र विचारावे लागतात.

हा विचार केवळ इतिहासापुरता नाही. मुंबईत २०१४ मध्ये वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर ही पहिली मेट्रो उन्नत मार्गावरच सुरू झाली. पुणे व नागपूर येथेही मेट्रोचा मोठा भाग उन्नत आहे. एका रांगेतल्या काँक्रीटच्या खांबांमुळे रस्ता जुन्या लोखंडी जाळीइतका झाकोळत नाही आणि विजेमुळे धूर नाही. तरीही भुयारी मार्गापेक्षा उन्नत मार्ग स्वस्त आहे असे म्हणताना रस्त्याकडेच्या रहिवाशाचा उजेड, पादचाऱ्याची वाट आणि पुढील अनेक दशकांची देखभाल त्या हिशेबात धरलीच पाहिजे. ती धरूनही जो मार्ग परवडतो, तोच खऱ्या अर्थाने स्वस्त. न्यूयॉर्कने हा हिशेब मार्ग उभारल्यानंतर मांडला, आपल्या शहरांना तो आधी मांडता येईल.