हाफकिन आणि मलकवालची बाटली



मुंबईत वाढलेल्या आपल्या पिढीला परळची हाफकिन संस्था ठाऊक आहे. ज्यांचे नाव तिला दिले ते गृहस्थ यहुदी होते, हेही आपण अभिमानाने सांगतो. त्याच गृहस्थांना एका बाटलीपायी जवळजवळ पाच वर्षे कलंक सोसावा लागला, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. आज मला त्या बाटलीविषयी बोलावयाचे आहे.

वाल्डेमार मोर्दखाय हाफकिन यांचा जन्म १८६० साली ओडेसा येथे झाला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत ते शिरले ते ग्रंथालयातील नोकरीच्या निमित्ताने. लसविद्येचे धडे तोवर मुख्यतः मुक्या प्राण्यांवर गिरविले गेले होते. कोंबड्यांचा कॉलरा आणि मेंढ्यांचा फाशी रोग यांवर पाश्चर यांनी लस शोधली होती. हाफकिन यांनी पटकीचे जंतू गिनीपिगांच्या पोटात पिढ्यान्‌पिढ्या वाढवून लस सिद्ध केली आणि १८ जुलै १८९२ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढच्याच वर्षी ते हिंदुस्थानात आले. ते वैद्यकाचे पदवीधर नव्हते, शिवाय रशियाचे प्रजाजन होते. गोऱ्या वैद्याधिकाऱ्यांच्या दृष्टीने हे दोन्ही दोषच होते.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग प्रकट झाला, तो मांडवी भागात. डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो ओळखला. मांडवी म्हणजे सॅम्युएल स्ट्रीट, आपल्या शाअर हारहमीमचा शेजार. ही साथ दूरच्या कुणा लोकांची नव्हती. ती आपल्या पूर्वजांच्या उंबरठ्यावर उभी होती.

ऑक्टोबरात हाफकिन मुंबईस आले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली आणि एक व्हरांडा मिळाला. हाताखाली एक कारकून व तीन शिपाई. त्यांची कृती मोठी विलक्षण होती. गोमांस वा डुकराचे मांस वापरले तर लोक टोचून घेणार नाहीत, हे जाणून त्यांनी बकऱ्याच्या मांसाचा रस्सा घेतला आणि त्यावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले. त्या थेंबांखाली प्लेगचे जंतू गुहेतील लोंबत्या खडकांसारखे वाढत. चंबू हलवून ते खाली पाडावयाचे, की पुन्हा नवे वाढत. कित्येक आठवड्यांनी तो रस तापवून जंतू मारीत व त्यात कार्बोलिक आम्ल घालीत. मांस आणि तूप एकाच भांड्यात! आमच्या आईने पाहिले असते तर भांडेच बाहेर टाकले असते. परंतु हे काही ताटातले अन्न नव्हते, आणि पिक्कुआख नेफेश, म्हणजे जीव वाचविणे, यापुढे इतर नियम थांबतात, हे हाफकिन यांना सांगावे लागले नसते.

१० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ही लसही आधी स्वतःलाच टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली, तेथील स्वखुशीने पुढे आलेल्या कैद्यांना टोचण्यात आले आणि गुण दिसून आला. घराघरांत शिरून माणसे ओढून नेणाऱ्या सरकारी उपायांनी लोक संतापले होते. अशा वेळी तिसरे आगाखान यांनी स्वतः टोचून घेतले, आपल्या अनुयायांना प्रवृत्त केले आणि माझगावची आपली वास्तू प्रयोगशाळेसाठी दिली. १८९९ साली प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली.

पुढे पंजाबातून लसीची प्रचंड मागणी आली. त्या सुमारास हाफकिन यांनी कार्बोलिक आम्ल वगळून केवळ उष्णतेवर भिस्त ठेवण्याची पद्धत स्वीकारली होती. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मलकवाल गावी १०७ जणांना टोचण्यात आले. त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. एकोणीसही जणांची लस एकाच बाटलीतली होती. तिचा क्रमांक ५३-एन.

सर लॉरेन्स जेन्किन्स यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी मंडळाने दोष परळवर ठेवला: बाटली उघडण्यापूर्वीच दूषित झाली असावी, आणि कार्बोलिक वगळणे हे कारण असावे. हाफकिन यांना पदावरून दूर करण्यात आले व ते इंग्लंडला गेले.

आता पुरावा पाहा. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. धनुर्वाताचे बीज मातीतच असते. तो चिमटा नीट निर्जंतुक न करताच बूच काढण्यासाठी वापरला गेला. धनुर्वाताचे जंतू बाटलीत अनेक आठवडे वाढले असते तर तिला दुर्गंधी सुटली असती, परंतु उघडताना तशी दुर्गंधी कोणाला आली नव्हती. शिवाय रोग आठवडाभराने दिसला. जंतू दाट वाढलेले असते तर तो लवकर दिसला असता. हे सारे मंडळासमोर होतेच. लंडनच्या लिस्टर संस्थेनेही तपासणी केली. अखेर जुलै १९०७ मध्ये मलेरियाच्या शोधाबद्दल नोबेल मिळविलेले रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी ‘टाइम्स’मध्ये जाहीर पत्र लिहून आरोप निराधार ठरविला.

या प्रकरणाला काही लोक ‘छोटे ड्रेफस प्रकरण’ म्हणतात. मला ती तुलना पुरती पटत नाही. यहुदीद्वेष त्यात नव्हता असे मी म्हणणार नाही. पण सरकारी खात्याला आपल्या माणसाच्या हातून पडलेल्या चिमट्यापेक्षा परक्या माणसाची पद्धत दोषी ठरविणे सोयीचे होते, हे मला अधिक खरे वाटते. आणखी एक गोष्ट मला बोचते. बाटलीचा क्रमांक सर्वत्र छापलेला आहे. त्या १९ माणसांपैकी एकाचेही नाव मी वाचलेल्या पुस्तकांत मला आढळले नाही.

१९०७ च्या अखेरीस हाफकिन परतले, पण परळला नव्हे, कलकत्त्याला. तेथे संशोधनाची मुभा होती, लस बनविण्याची नव्हती. निवृत्तीनंतर त्यांनी धर्मनिष्ठेचे समर्थन करणारा निबंध लिहिला आणि आपली संपत्ती पूर्व युरोपातील येशिवांसाठी ठेवली. १९२५ साली परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव मिळाले, तेव्हा ते हयात होते. १९३० साली लोझान येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या दैनंदिन्या येथे येरुशलाईमच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत.