गाठीच्या पोटात पेरलेले किरण

किरणोत्साराचा पाठ शिकवताना आपण बेक्वेरेल यांची गोष्ट सांगतो. १९०१ साली त्यांनी रेडियमची नळी जाकिटाच्या खिशात ठेवली आणि त्या जागची त्वचा भाजली. पाठ्यपुस्तक इथेच थांबते. पण जो पदार्थ निरोगी त्वचा जाळतो तो रोगट गाठही जाळील, हा विचार लवकरच पुढे आला. टेलिफोनचे जनक ग्रॅहॅम बेल यांनी १९०३ मध्ये एका डॉक्टरांना पत्र लिहून सुचवले, की बाहेरून सोडलेले क्ष-किरण गाठीपर्यंत पोचताना वाटेतल्या निरोगी भागालाही झळ लावतात; त्यापेक्षा रेडियमचा कण काचेच्या बारीक नळीत बंद करून थेट गाठीतच का ठेवू नये?

ही कल्पना पुरःस्थ ग्रंथीच्या, म्हणजे प्रोस्टेटच्या कर्करोगाला विशेष लागू पडणारी होती. अक्रोडाएवढी ही ग्रंथी पुरुषाच्या मूत्राशयाखाली असते. मूत्रमार्ग तिच्यामधूनच जातो आणि मागे गुदाशय अगदी चिकटून असतो. अशा दाटीच्या जागी सुरी चालवणे कठीण. बाल्टिमोरच्या ह्यू यंग यांनी १९०४ मध्ये ही ग्रंथी समूळ काढण्याची शस्त्रक्रिया केली खरी, पण तिच्यानंतर लघवीवरचा ताबा आणि लैंगिक क्षमता गमावण्याची धास्ती पुढची अनेक दशके रुग्णांच्या मागे राहिली.

रेडियमही प्रथम निराशाच करून गेले. न्यूयॉर्कमध्ये बॅरिंजर यांनी १९१५ पासून रेडियमच्या सुया ग्रंथीत खुपसून पाहिल्या. सुई कुठे पोचली हे कळायचे ते गुदाशयात घातलेल्या बोटाच्या स्पर्शाने! शिवाय रेडियमचे गॅमा किरण दूरवर जाणारे, त्यामुळे शेजारची इंद्रियेही पोळत आणि सुई हाताळणाऱ्यांनाही त्यांचा प्रसाद मिळे.

तोड निघाली ती आयोडीन-१२५ या समस्थानिकात. त्याचे किरण इतके मवाळ, की सुमारे दोन सेंटिमीटर उतींमध्ये निम्मे शोषले जातात. रेडियमचे अर्धायुष्य १६०० वर्षे, याचे अवघे ६० दिवस. वर्षभरात साधारण सहा अर्धायुष्ये होतात. तेव्हा किती क्रियाशीलता उरेल, हे गणित वर्गात जरूर द्यावे. (उत्तर: चौसष्टावा भाग.) टायटॅनियमच्या वेष्टनातली साडेचार मिलिमीटरची ही ‘बी’ काम संपल्यावर काढावी लागत नाही, जन्मभर तशीच राहते.

१९७० नंतर न्यूयॉर्कच्याच व्हिटमोर यांनी ओटीपोट उघडून अशा बिया पेरल्या. बिया उत्तम, पण पेरणी अंदाजाने. कुठे दाट पडल्या, कुठे विरळ. आणि विरळ पडल्या तिथे रोग पुन्हा उगवला. दहा-पंधरा वर्षांत ही पद्धत जवळजवळ टाकून दिली गेली. आमच्या मते इथे कल्पनेला दोष देणे अन्यायाचे होते. कमी होती ती नजरेची.

ती नजर १९८३ मध्ये डेन्मार्कच्या होल्म यांनी दिली. गुदाशयात श्राव्यातीत ध्वनीची कांडी ठेवून ग्रंथी पडद्यावर पाहायची आणि वृषणांमागच्या त्वचेतून सुया घालायच्या. सुया नेमक्या जागी जाव्यात म्हणून आलेखाच्या कागदासारखी, सारख्या अंतरावर छिद्रे पाडलेली पट्टी बाहेर बसवायची. पोट उघडण्याचे कारणच उरले नाही. १९८५ पासून सिएटलच्या डॉक्टरांनी ही रीत पुढे नेली. आपल्याकडे भाभा अणुसंशोधन केंद्राने अशा बिया बनवल्या. ‘ऑक्यु-प्रोस्टा’ हे त्यांचे नावच सांगते, की त्या डोळ्याच्या गाठींसाठीही आहेत.

अर्थात रोग ग्रंथीच्या आतच असेल तरच हा उपाय. आणि लघवीची जळजळ, वारंवार जावे लागणे हा त्रास काही महिने होतोच. मग उपचार कधी करावा? ब्रिटनमध्ये १६४३ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे तीन गट केले: शस्त्रक्रिया, बाहेरून किरण आणि नुसती देखरेख. (बियांचा गट त्यात नव्हता.) २०२३ मध्ये पंधरा वर्षांचा हिशोब प्रसिद्ध झाला. प्रत्येक गटात या रोगाने दगावलेले शंभरात सुमारे दोन-तीनच होते. मात्र देखरेखीच्या गटात रोग पसरण्याचे प्रमाण अधिक होते, आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी पुढे उपचार घेतलेच. म्हणून आता डॉक्टर आधी विचारतात, की कोणता त्रास तुम्हाला सोसवेल?

बिया पेरून घेतलेले आजोबा बहुधा दुसऱ्या दिवशी घरी येतात. नातवंडाला मांडीवर फार वेळ घ्यायचे नाही, एवढे पथ्य मात्र पहिले दोन महिने पाळायचे असते. दोनच महिने का, हे विद्यार्थ्यांना वरच्या गणितावरून सांगता येईल.